काही नेम नाही

आमच्या घरात माणसांचे नऊ प्रकार होते. ते प्रकार माझ्या मुलीनं आणले, त्यांना मराठी नावं माझ्या वडिलांनी दिली, आणि त्यातल्याच एका नावानं शेवटी आमचा घात केला. घात हा शब्द मोठा वाटेल, पण मला दुसरा सापडत नाही.

सगळं बंद होतं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुलगी कॉलेजातून घरी परतली तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा फासेच जास्त होते. आपले साधे नव्हेत. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर वीस बाजूंचा, लिमलेटच्या गोळीसारखा. होस्टेलवर ती आणि तिच्या मैत्रिणी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळायच्या. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आपलं माणूस आता काय करतं ते तोंडानं सांगायचं आणि जमलं की नाही ते फाशावर सोडायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही आणि हरत नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, हे सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे कीर्तन, पण मधे मधे फासे टाकायचे." मुलीनं कीर्तन कधी ऐकलेलं नव्हतं. ती हो म्हणाली.

सदर बाजारातलं माझं ऑफिस बंद, लक्ष्मी गेटच्या आतली सगळी दुकानं बंद, आणि झाँशीचं ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा दिसू नये. मी, बायको, अण्णा आणि मुलगी अशी चार माणसं एकमेकांना मनापासून कंटाळली होती. खेळायला बसलो ते त्या कंटाळ्यापोटी. बायकोनं चेटकीण मागून घेतली आणि पहिल्याच दिवशी विचारलं की नवऱ्याचा बेडूक करता येतो का. मी पुजारी झालो, कारण लढाईत पुजाऱ्याला मागे उभं राहता येतं असं कळलं. अण्णांना काय व्हायचं विचारलं तर म्हणाले, "पहारेकरी. वेशीवरचा."

"आजोबा, पहारेकरी तर एकाच जगह उभा असतो," मुलगी म्हणाली. "गोष्टीत फिरायला लागतं."

"मी कशाला फिरू? गोष्टीला गावात यायचं असेल तर ती वेशीतूनच येईल."

तिनं हसून मान्य केलं. तिला वाटलं म्हाताऱ्याला गुडघ्यांमुळे खेळातसुद्धा चालायचं नाही. मला माहीत होतं की अण्णांनी जन्मभर जे केलं तेच ते मागत होते. साताऱ्याकडचा हा माणूस नोकरीसाठी इकडे आला आणि कारखान्याच्या तपासणी खात्यात चिकटला. माल आत येताना बघायचा, बाहेर जाताना बघायचा. झाँशीत सगळं आयुष्य काढलं तरी त्यांची हिंदी धड झाली नाही, आणि माझ्या मुलीची मराठी. दोघांचं एकमेकांशी चांगलं जमायचं.

आता ते नऊ प्रकार. खेळात प्रत्येक पात्राचा स्वभाव आधी ठरवून कागदावर लिहावा लागतो. एक बाजू अशी की माणूस नियमानं चालणारा, की मनाला येईल तसं करणारा, की मधला. दुसरी बाजू अशी की चांगला, वाईट, की मधला. तीन त्रिक नऊ. मुलगी हे इंग्रजीत सांगत होती. लॉफुल, केऑटिक, न्यूट्रल. अण्णा म्हणाले, "लॉफुल म्हणजे कायदा. कायदा कोर्टात असतो, माणसात नेम असतो. लिही, नेमाचा."

नेम हा त्यांचा शब्द होता. आंघोळीआधी चहा नाही हा नेम. रविवारी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायची हा नेम. दिवेलागणीला संध्या झाल्याखेरीज तोंडात काही घालायचं नाही, मग कुणाच्या घरी असोत की गाडीत, हा नेम. घरातल्या बायकांना या नेमांनी किती छळलं ते सांगत बसत नाही.

"आणि केऑटिक?" मुलीनं विचारलं.

"ज्याचा काही नेम नाही, तो."

तिला हे फार आवडलं. तिनं तो एकच शब्द असल्यासारखा लिहून टाकला, नेमनाही. मग घरभर तेच सुरू झालं. आई नेमनाही चांगली. गल्लीतलं माकड नेमनाही वाईट. मला तिनं मधला मधला ठरवलं, म्हणजे धड हे नाही आणि धड तेही नाही, आणि बायकोनं त्याला लगेच पाठिंबा दिला. पहारेकऱ्याच्या कागदावर तिनं अण्णांना न विचारताच लिहिलं, नेमाचा चांगला. अण्णांनी चष्मा लावून ते वाचलं. त्यांना बरं वाटलं ते मला दिसलं. नोकरीतसुद्धा कुणी त्यांना एवढं स्वच्छ लिहून दिलं नव्हतं.

महिनाभर छान चाललं. अण्णा वीस बाजूंचा फासा स्टीलच्या वाटीत टाकायचे, जमिनीवर नाही, आणि टाकण्याआधी हात पुसायचे. भुतांचं टोळकं वेशीवर आलं तर त्यांची नावं आणि येण्याचं कारण विचारायचे. मुलगी हसून हसून आडवी व्हायची. त्या उन्हाळ्यात मी माझ्या वडिलांना जेवढं हसताना पाहिलं, तेवढं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर पाहायला मिळालं नाही.

मग एका दुपारी मुलीनं वेशीवर एक माणूस आणून उभा केला. त्याच्या पाठीवर पोतं होतं, पोत्यात राजाच्या कोठारातलं धान्य. घरी लहान पोर आजारी आहे, वैद्य धान्याशिवाय औषध देत नाही. पहारेकऱ्याला तो ओळखीचा होता, एकाच गल्लीत राहणारा. तो म्हणाला, भैया, आज जाऊ दे.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी फाशांकडे पाहत राहिलो. मुलीला काही ठाऊक नसणार हे आम्हाला माहीत होतं, कारण ही गोष्ट आमच्या घरात कधी कुणी बोलायचंच नाही. मी शाळेत असताना कॉलनीत आमच्या शेजारी एक कुटुंब राहायचं, बेतवेकाठच्या एरच गावचं. ते काका अण्णांबरोबरच कारखान्यात होते. अण्णांना भाईसाब म्हणायचे, थंडीत त्यांच्याकडून आम्हाला तिळाचे लाडू यायचे, आणि अण्णांना आली तेवढी हिंदी त्यांनीच शिकवली. त्यांची धाकटी मुलगी सारखी आजारी असायची. एक दिवस त्यांच्या डब्याच्या पिशवीत तांब्याच्या तारेचं भेंडोळं सापडलं. ते पकडणारे अण्णाच होते. त्यांनी वर कळवलं. काकांची नोकरी गेली, कॉलनीतलं घर गेलं, आणि एक दिवस सामान ट्रॉलीवर चढवून ते गावी गेले. अण्णा दारात उभे होते. काकांनी जाताना राम राम केला की नाही, ते मला आठवत नाही. त्यानंतर अण्णांनी एरचचं नाव काढलं नाही. ते काही फार लांब नाही, पण ते कधी गेले नाहीत.

"आजोबा, तुमची चाल," मुलगी म्हणाली.

अण्णांनी वाटी बाजूला सरकवली. फासा टाकलाच नाही. "पकडून देतो."

"पण त्याचा बच्चा बीमार आहे."

"मी पहाऱ्यावर आहे."

"छोडू शकता तुम्ही. कोणी बघत नाही."

"म्हणून तर पहारेकरी ठेवतात."

तिनं खांदे उडवले, शिपाई आले, माणसाला कोठडीत नेलं. मग तिनं पहारेकऱ्याचा कागद ओढला, रबरानं एक शब्द खोडला आणि पेन्सिलीनं दुसरा लिहिला. नेमाचा चांगला होतं, ते नेमाचा मधला झालं. खेळात असं करतात. पात्र ठरल्यासारखं वागलं नाही तर गोष्ट सांगणारा त्याचा स्वभाव बदलून लिहितो. तिच्यासाठी ती एक नोंद होती.

अण्णांनी विचारलं, "हे काय केलंस?"

"आजोबा, रूल पाळला तुम्ही, तर नेमाचा पक्का. पण चांगला मतलब जो रूलच्या मागे माणूस बघतो. तुम्ही त्याच्या बच्चाचं नाव पण नाही विचारलं."

भुतांचीही नावं विचारणारा माणूस, आणि हे खरंच होतं, त्यांनी विचारलं नव्हतं.

"खोड ते," ते म्हणाले. "परत लिही."

"असं नाही होत ना. दया करून नाही बदलत. तुम्ही खेळात करून दाखवा, मी लगेच लिहिते."

मी मधे पडून काहीतरी विनोद केला, तो कुणी ऐकला नाही. अण्णा भिंतीला धरून उठले, आत जाऊन पडून राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि खेळ थांबला. मुलीला वाटलं आजोबा रुसले, आपोआप येतील. नंतर मी तिला काकांची गोष्ट सांगितली नाही. अण्णांची गोष्ट अण्णांनी सांगायची, असं मला वाटायचं.

पुढे सगळं उघडलं, मुलगी शिकून नोएडाला नोकरीला लागली. दिवाळीला आली की फासे काढायची, अण्णा मान हलवायचे. पण मागच्या दिवाळीत, तिची बॅग दारात, ऑटोवाला हॉर्न वाजवतोय, आणि अण्णांनी खुर्चीतून विचारलं, "त्या माणसाचं पुढं काय झालं?"

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "कोठडीत आहे," ती म्हणाली, आणि माझ्या मते तिनं पुढचं तिथल्या तिथे रचलं, "किल्ली पहारेकऱ्याकडेच आहे."

अण्णांनी विचार केला. "म्हणजे माझी चाल बाकी आहे."

"होळीला पूर्ण करू, पक्का." तिनं वाकून नमस्कार केला आणि गेली. ते बराच वेळ दाराकडे बघत होते.

डिसेंबरात एका सकाळी ते आंघोळ करून, कोट घालून बाहेर आले आणि म्हणाले, "गाडी काढ. एरचला जायचं."

मी रजा टाकली. शेतं हिरवी होती, धुकं होतं, बेतवा दिसली तेव्हा त्यांनी काच खाली केली. गावात काकांचं घर विचारत विचारत सापडलं. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. दारात त्यांच्या पत्नी उन्हात बसल्या होत्या, डोळ्यांनी कमी दिसत असावं. अण्णा नमस्कार म्हणाले, आणि मी काही सांगण्याआधीच त्यांनी आवाजावरून ओळखलं. म्हणाल्या, "अरे, भाईसाब आए हैं," आणि आत कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं. रागाचा एक शब्द नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अण्णांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "बिटिया कैसी है? छोटीवाली?"

"वो तो नहीं रही, भाईसाब," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "यहाँ आए थे, उसी जाड़े की ठंड में."

अण्णांच्या हातात पाण्याचा पेला होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही आणि प्यायलेही नाहीत. मग त्यांनी विचारलं, "नाम क्या था उसका?" काकूंनी नाव सांगितलं. अण्णांनी ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हटलं. शेजारी राहत होतो आम्ही, लाडू खाल्ले होते, आणि नाव मलाही आठवत नव्हतं. घरात सगळे तिला छोटी म्हणायचे.

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथे बसलो. दिवे लागले तेव्हा चहा आला. संध्या व्हायची होती. मी काहीतरी सबब सांगणार होतो, तर अण्णांनी कप उचलला आणि सगळा चहा प्यायला. त्यांचा नेम मोडलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला, आणि मला भीती वाटली.

परतताना अंधारात ते म्हणाले, "पोरीला बोलाव. मला माझी चाल सांगायची आहे."

"मला सांगा, मी फोनवर सांगतो."

"खेळातलं खेळात. ती समोर बसल्याशिवाय नाही."

"सोडणार का त्याला?"

"सांगितलं ना," ते म्हणाले, आणि मग तो जुना तपासणी खात्यातला आवाज लागला, "असं मागच्या दारानं नाही चालत."

मी मुलीला कळवलं की आजोबा खेळायला तयार आहेत. ती खूश झाली. होळीचं तिकीट काढलंय म्हणाली. मीही फार घाई केली नाही. होळी काही लांब नव्हती आणि अण्णा चालते-फिरते होते.

जानेवारीत आमच्याकडे थंडी अशी पडते की अंथरूण ओलं वाटतं. अण्णांना खोकला झाला, मग ताप. मुलीला सांगितलं, थोडा बुखार आहे. मग एका दिवसात छाती भरली आणि इस्पितळात न्यावं लागलं. संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं ते सांगितलं. मी व्हरांड्यातून मुलीला फोन लावला. ती ऑफिसातून परतताना मेट्रोत होती, आवाज तुटत होता. मला रडू येत होतं आणि येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी थोडक्यात बोललो. मराठीत अशा वेळी जे म्हणतात तेच म्हणालो.

"अगं, आजोबांचा आता काही नेम नाही."

पलीकडून आवाज आला, "सच्ची? अरे वा!" आणि ती हसली.

मला संताप आला. अरे वा काय? मी फोन बंद केला. मेट्रोच्या आवाजात तिला ऐकूच गेलं नसेल, हे मागून सुचलं. पण तोपर्यंत आतून हाक आली होती आणि मग फोन खिशातच राहिला. अण्णा त्या संध्याकाळी दोनदा जागे झाले. दोन्ही वेळा त्यांनी दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "आली का?" बायको म्हणाली, "निघाली आहे." आम्हाला दोघांनाही वाटत होतं की ती निघालीच असणार.

उजाडताना ते गेले. मग मी फोन केला, आणि या खेपेला हिंदीत सांगितलं.

ती दुपारी पोचली. दारात उभी राहिली, आत येईना. "पण काल तर तुम्ही बोलला होतात," ती म्हणाली, "की ते नेमनाही झाले."

मला आधी कळलंच नाही. आणि मग कळलं. तिच्या कानांवर तो शब्द आयुष्यात एकाच ठिकाणी पडला होता, आमच्या बैठकीच्या खोलीत, त्या कागदावर. शाळेत हिंदी, कॉलेजात इंग्रजी, घरात जेवा-बसा-उठाएवढी मराठी. आजारी माणसाबद्दल असं म्हणतात हे तिला कुणी सांगायचं? आम्हीच सांगायला हवं होतं, पण असं कुणी मुलांना मुद्दाम बसवून शिकवतं का? तिला वाटलं आजोबा बदलले. नेमाची गाठ सुटली. त्यांनी कोठडी उघडली, त्या माणसाला घरी जाऊ दिलं, आणि बाबा ते आनंदानं सांगतायत. संध्याकाळभर ती खुशीत होती. मैत्रिणींना सांगितलं. रात्रीची गाडी होती, जागाही मिळाली असती, आणि ती तिच्या खोलीत बसून होळीला पुढची गोष्ट काय सांगायची ते जुळवत होती.

मी तिला अर्थ सांगितला. तिनं तो दोनदा विचारला, वेगवेगळ्या तऱ्हेनं, जणू दुसऱ्यांदा वेगळा निघेल. मग ती जिन्याच्या पायरीवर बसून रडली. मी तिच्याजवळ बसलो आणि काकांची गोष्ट सांगितली, तांब्याची तार, एरच, ती मुलगी, तिचं नाव, चहा. सांगायला नको होती, किंवा फार आधी सांगायला हवी होती. ती म्हणाली, "मी त्यांना बोलले की तुम्ही चांगले नाही."

"तू पहारेकऱ्याला बोललीस."

"त्यांना नाही असं वाटलं," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

दहाव्याला आम्ही बेतवेच्या काठी गेलो. माझ्या मामेभावंडांपैकी काहीजण, एक मावशी, आणि आमच्यातले एक भटजी, जे मंत्र मराठी वळणानं म्हणतात आणि बाकी सगळं बुंदेलीत बोलतात. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. मी मनात तयारी करून आलो होतो. कावळा शिवणार नाही, मग एकेकानं पुढे होऊन काय राहिलं असेल ते कबूल करायचं, आणि माझी मुलगी पुढे होईल, काय बोलायचं ते बोलेल, आणि त्या पक्ष्याच्या निमित्तानं का होईना, काहीतरी मिटेल. मला ते हवं होतं. मी कबूल करतो की मी त्या कावळ्यावर विसंबून होतो.

भटजींनी हात मागे घेतला न घेतला तोच कावळा आला आणि पिंडाला शिवून गेला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मावशी डोळे पुसत म्हणाली, "किती नेमाचा माणूस. काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "झूठ आहे, बाबा."

घरी आल्यावर तिनं कपाटातून तो कागद काढला. बायकोनं दिवा लावला होता, भिंतीवरचं घड्याळ रविवार चुकल्यामुळे बंद पडलेलं होतं. खोडल्याची खूण तशीच होती. मधला या शब्दाखाली आधीचा शब्द नीट पाहिलं तर अजून वाचता येत होता. तिनं पेन्सिल हातात घेतली.

"बाबा, लिहू?"

"लिही ना," मी म्हणालो. "लिही. ते सोडणारच होते त्याला. मी गाडीत होतो ना त्यांच्याबरोबर."

"असं बोलले ते?"

मी खोटं बोललो असतो. तोंडावर आलं होतं. पण ती माझ्याकडे अण्णांसारखी बघत होती, बाहेर जाणाऱ्या पिशवीकडे बघावं तशी.

"नाही," मी म्हणालो. "बोलले नाहीत."

ती पुष्कळ वेळ पेन्सिल धरून बसली. बायकोही म्हणाली, लिही गं, कोण विचारतंय. मुलीनं मान हलवली. "मीच बोलले होते त्यांना, दया करून नाही बदलत म्हणून," ती म्हणाली. "आता मी असंच लिहिलं, तर त्यांना चालणार नाही."

तिनं पेन्सिल खाली ठेवली, कागदाची घडी घातली आणि फाशांच्या पिशवीत सरकवली. ती बरोबर होती आणि मला तिचा राग आला, जसा अण्णांचा यायचा. नोएडाला जाताना तिनं ती पिशवी नेली नाही. आमच्याकडेच आहे. तो माणूस अजून कोठडीत आहे, आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो आता चाल सांगायला येणार नाही.